शिवाच्या गाडीचा श्वास

१

गाडी जागच्या जागी उभी होती. टाकीवरचा हिरवा रंग चकाकत होता, नवा दिवा शाबूत होता, आदल्या संध्याकाळी हँडलला घातलेली झेंडूची माळ तशीच लोंबत होती. सीतारामबुवा पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. इंजिनाच्या पाठीशी जिथे कार्बोरेटर असायचा, तिथे काळं भोक होतं.

कार्बोरेटर म्हणजे मोटरसायकलचं नाक. हवा आणि पेट्रोल तिथून आत जातात. अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला, ऐन सणाच्या सकाळी, लालबागच्या आखाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमधून कुणीतरी शिवाच्या गाडीचा श्वास काढून नेला होता.

"राम राम राम," बुवा पुटपुटले.

बुवा दिवसा टपालकचेरीत पत्रं निवडत आणि संध्याकाळी परळच्या मारुतीपुढे कीर्तनाला उभे राहत. पण त्यांना एक नाद होता, आणि तो त्यांच्या पागोट्याशी मुळीच जुळत नसे. लष्करानं निकालात काढलेल्या जुन्या मोटरसायकली भंगारातून घ्यायच्या, वर्ष-वर्ष खपून त्यांना उभं करायचं, आणि रविवारी धुरकट चष्मा चढवून, उपरणं कमरेला आवळून ठाण्याच्या खाडीपर्यंत फेरी मारायची. "देवानं टाकून दिलेलं काही नसतं, माणसं टाकतात," असं ते म्हणत. या नादाला लागलेले त्यांचे चौघे चेले होते. लालबागचे दोघे भाऊ दत्ताराम आणि शिवा, नायगावचा भिवा, आणि गिरगावातला आनंदा.

चौघांतला शिवा आता नव्हता. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई पेटली होती तेव्हा, परळच्या नाक्यावर तो गेला. डोक्याला मार लागून. आनंदा तिथे होता. त्यानं पोलिसांत लिहून दिलं की गडबड सुरू होताच शिवा गाडी वळवून घराकडे निघाला आणि घसरून पडला. लोकांनी त्यातलं 'घराकडे निघाला' एवढंच उचललं आणि त्याचं 'पळाला' केलं. ज्या चाळीच्या भिंतीवर कोळशानं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं, त्या चाळीत पळून मेलेल्याची आई म्हणून जगणं सोपं नव्हतं.

अडीच वर्षं गाडी ताडपत्रीखाली पडून होती. बुवांनी शिवाच्या आईला, सुंदराबाईंना हात जोडले, तेव्हा त्या माऊलीनं गाडी पुन्हा उभी करायला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. त्यानंतर गाडी भंगारवाल्याकडे.

"काय झालं, बुवा?" आखाड्याचे म्हातारे पैलवान बुधाजी दारात आले. मागून दत्तारामही आला. दोघांनी ते भोक पाहिलं. दत्ताराम खांबाला टेकला.

"चोरबाजारात विकायला नेला असेल कुणी," बुधाजी म्हणाले.

"नवा दिवा ठेवून? नवं टायर ठेवून? कार्बोरेटरची तर सुई झिजलेली. फुकट कुणी घेणार नाही."

बुवा गुडघ्यांवर बसले. कार्बोरेटर धरून ठेवणारे दोन खिळे, ज्यांना मुलं स्टड म्हणत, त्यांवर दोन्ही नट पुन्हा नीट फिरवून बसवलेले होते. नवीन चकाकीच्या त्या नटांची टोकं मात्र उंदरानं कुरतडल्यासारखी चावलेली. अॅक्सिलरेटरच्या तारेला लोंबणारा पितळी दट्ट्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून सुतळीनं चौकटीला बांधला होता. पेट्रोलच्या नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा.

बुवांची नजर मग भिंतीलगतच्या पाटाकडे गेली. काल खंडेनवमी. अवजारांची पूजा. मोठ्या पान्यापासून बारीक पान्यापर्यंत सगळे पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर अक्षता. एकही दाणा हललेला नव्हता.

"मला विचाराल तर," बुधाजींनी आवाज खाली आणला, "ज्याला पूजेचं सोयरसुतक नाही, त्याचाच हा हात. नायगावचा. बुद्ध झाल्यापासून तो पूजेच्या वेळी बाहेर उभा राहतो की नाही?"

बुवा गुडघे झटकून उठले. काल पूजेच्या आधी याच शेडमध्ये भिवा सगळ्यांदेखत सहज एक वाक्य बोलून गेला होता, ते त्यांना आठवलं.

२

भिवाचं वाक्य साधं होतं. "टाकी रंगवायला नेली ना बुवा, तेव्हा तीत चांगलं निम्म्याला जुनं पेट्रोल निघालं. आंबलेलं, वार्निशासारखं."

ऐकून बुवांच्या हातातलं पळी-पंचपात्र थांबलं होतं. भरधाव गाडी आडवी पडली असेल तर पेट्रोलची तोटी उघडी असणार, आणि झिजलेल्या सुईच्या कार्बोरेटरमधून टाकी रस्त्यावर रिकामी होणार. टाकीत पेट्रोल राहिलं म्हणजे तोटी बंद होती.

"पोलिसांनी नंतर बंद केली असेल," आनंदा घाईनं म्हणाला होता.

"असेल. मग कार्बोरेटरच सांगेल," असं बुवा म्हणाले. "अजून कुणी उघडलेला नाही. उद्या सगळ्यांसमोर उघडू."

इंजिन नीट करताना भिवानं कार्बोरेटर अखंड उतरवून फडक्यात बांधून ठेवला होता, आणि पूजेला गाडी अपुरी नको म्हणून काल तसाच परत बसवला होता. नट हलकेच आवळलेले. आज काढायचाच होता ना!

आणि काल संध्याकाळी, सगळी चाळ कीर्तनात रंगली असताना, तो कुणीतरी काढला. शेडची किल्ली सुंदराबाईंच्या दाराशी खिळ्याला असे. हे बुवांना, उरलेल्या तिघा चेल्यांना आणि बुधाजींनाही ठाऊक.

बुवा जिना चढून सुंदराबाईंच्या खोलीत गेले. गिरणीची खोली ती, दहा बाय बाराची. शिवाच्या नावावर होती, आता दत्तारामच्या. म्हातारी उंबऱ्याशी बसली होती. दत्तारामची बायको राधा स्टोव्हपाशी होती.

"बसा बुवा, चहा घ्या. सणाचं तोंड गोड करा," राधा म्हणाली आणि पदराचा बोळा करून तिनं पातेलं उचललं. "आई गं!"

"अगो, सांडशीन उचल ना!" सुंदराबाई म्हणाल्या.

"सांडशी कुठे मेली कोण जाणे. कालपासून घर पालथं घातलं."

बुवांनी चहा घेतला. घडलेलं सांगितलं. सुंदराबाई भिंतीकडे बघत राहिल्या. शिवाची तसबीर तिथे होती, पण तिला हार नव्हता. दसऱ्यालाही नव्हता.

"बुवा, माका गाडी नको. माका इतक्याच कळू दे. माझो झील पळालो काय?"

"वहिनी..."

"खाली नळार माका सगळ्यांसमोर आयकवल्यानी. तुझो झील पाठ दाखवून मेलो म्हणान. त्या दिसापासून मी नळार मान वर करूक नाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "तो रोज येय तेव्हा पानवाल्याकडेच ती तोटी बंद करी. मगे गाडी खोकत खोकत मरा नि लोटत दारात येय. मी तो खोकलो आयकून आधण ठेवी. पळणारो माणूस तोटी बंद करता काय, बुवा?"

बुवांनी कप खाली ठेवला. ही सवय त्यांनीच लावलेली. चाळीत दारोदार स्टोव्ह पेटलेले, आणि या जुन्या गाड्यांचा कार्बोरेटर गळका. म्हणून घराच्या अलीकडेच तोटी बंद करायची, कार्बोरेटरच्या बुडाशी वाटी असते तिच्यातलं पेट्रोल जळून जाऊ द्यायचं, आणि इंजिन आपोआप मरताच गाडी नुसती लोटत आणून उभी करायची. चौघांच्याही हाडीमाशी ती शिस्त खिळलेली.

म्हणजे कार्बोरेटरची वाटी उघडली असती तर त्यात दोनांपैकी एक गोष्ट दिसली असती. चालती गाडी पडली असती, तर वाटीत राहिलेलं पेट्रोल वाळून डिंकासारखा हिरवट थर. आणि शिवानं स्वतः थांबवली असती, तर वाटी कोरडी, स्वच्छ. मग तोटी नंतर कुणी फिरवली का, हा प्रश्नच उरत नव्हता.

एका आईचा प्रश्न त्या बोटभर वाटीत होता. आणि ती वाटी ज्यानं नेली, त्याला उत्तर आधीच ठाऊक होतं.

३

भिवा नायगावच्या बीडीडी चाळीच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांत उभा होता. सकाळची बुद्धवंदना आटोपून माणसं पांगत होती. दोन वर्षांपूर्वी याच दसऱ्याला त्याच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हापासून त्याचा दसरा वेगळा झाला होता.

बुवांची गाडी थांबताच त्यानं सवयीनं आधी तिच्या तोटीकडे पाहिलं. बंद होती. तो हसला. मग बुवांचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बुधाजींनी माझं नाव घेतलं असेल."

बुवांनी मान हलवली.

"आणि तुम्हाला काय वाटतं, बुवा?"

या प्रश्नाला उत्तर तात्काळ यायला हवं होतं. बुवांना एक श्वास उशीर झाला. तेवढ्या एका श्वासात भिवाच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं, आणि ते आपण विझवलं हे बुवांना कळलं.

"तुम्ही कीर्तनात सांगता तेव्हा मी मागे बसून ऐकतो," भिवा हळूच म्हणाला. "पूजा करत नाही, पण ऐकतो. शिवा माझा कोण होता हे तुम्हाला ठाऊक आहे. पलटणीतून आलो तेव्हा याच चाळीच्या नाक्यावर त्यानं मला पहिल्यांदा मोटरसायकलवर मागे बसवलं. जात विचारली नाही, वजन विचारलं."

"भिवा, मी..."

"राहू द्या. कामाचं बोला. मी काढला असता तर कशानं काढला असता? पान्यानं. पाने समोर मांडलेले. हां, तुमचं कुंकू पुसलं गेलं असतं, तर नंतर बोट बुडवून पुन्हा लावलं असतं. तेवढा तुमचा मान ठेवतो मी."

बुवा एकदम थबकले. त्यांनी खिशातून चावलेला नट काढला. येताना त्यांनी तो सोडवून आणला होता. सूर्यप्रकाशात धरला. नटाच्या कडेवर आडव्या, बारीक, समांतर रेघा उमटल्या होत्या. अशा रेघा त्यांनी आज सकाळीच कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या. कुठे ते मात्र आठवेना.

"आनंदाला भेटलात?" भिवानं विचारलं. "काल 'पोलिसांनी बंद केली असेल' हे तो फार लवकर बोलला. आणि एक सांगू? शिवा गेला त्या दिवसापासून आनंदानं एकदाही किक मारलेली नाही. उजवा पाय ओढतो. जिन्यावरून पडलो म्हणतो. कुठला जिना, ते सांगत नाही."

४

गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका छोट्या छापखान्यात आनंदा अक्षरांचे खिळे जुळवत असे. आज सण म्हणून छपाई बंद होती, पण संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती आणि तिची पत्रकं ओली होती. आनंदा ती वाळवत बसला होता. बुवांना पाहताच त्यानं आपट्याची पानं पुढे केली.

"सोनं घ्या, बुवा."

"घेतो. आधी एक सांग. गाडी पडली तेव्हा इंजिनाचा आवाज कसा होता?"

आनंदाची बोटं पानांवर थांबली. "अं? मोठा. भर्रर्र करत होतं. आडवी पडली तरी चाक फिरत होतं."

"कुठल्या बाजूला पडली?"

"डाव्या... नाही, उजव्या. बुवा, अडीच वर्षं झाली. कशाला उकरता?"

"आईसाठी उकरतो."

बाहेर मुलांचा घोळका घोषणा देत गेला.

"आनंदा, चालतं इंजिन आडवं पडलं असतं तर टाकी रिकामी झाली असती. टाकीत पेट्रोल होतं. तू जे लिहून दिलंस ते तसं घडलेलं नाही." बुवांचा आवाज कीर्तनातल्यासारखा चढला नाही, खाली, अगदी जवळ आला. "आणि तुझा पाय कुठल्या जिन्यावर मोडला?"

आनंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची बोटं शाईनं काळी झाली होती. कपाळाला डाग लागले.

"मला वदवू नका. मला शपथ घातलीय."

"कुणी?"

तो मान हलवत राहिला.

"कार्बोरेटर तू नेलास?"

आनंदानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि ते खरं होतं. "कार्बोरेटर? मला तो काढता येतो का, बुवा? माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला कधी नटाला हात लावू दिलात? मी फक्त घासूनपुसून चकाकी आणतो."

हे खरं होतं. आनंदानं एकदा नट सोडवून असेच फरशीवर टाकले होते, त्यांतला एक गटारात गेला होता, आणि बुवांनी त्याला आठवडाभर चिडवलं होतं.

बुवांनी आपट्याची पानं घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. परतीच्या वाटेवर परळच्या नाक्याशी त्यांनी गाडी सावकाश केली. शिवा इथेच गेला. पोलीस चौकीच्या समोर ओटा, त्याच्या बाजूला मोटरसायकल लावायला हवी तेवढी भिंत.

तिथेच त्यांना आठवलं, नटावरच्या रेघा कुठे पाहिल्या ते. राधाच्या पातेल्याच्या काठावर. रोज सांडशीनं उचलल्या जाणाऱ्या पातेल्याच्या काठावर तशाच बारीक, समांतर रेघा होत्या.

५

दुपारी चौकातली गडबड ओसरली होती. शेडमध्ये पाटासमोर दत्ताराम एकटाच बसला होता. पूजेची उत्तरपूजा अजून झालेली नव्हती. पाने तसेच ओळीनं पडले होते.

बुवा त्याच्या समोर बसले.

"दत्ताराम, मला एक कोडं पडलं होतं. आता सुटलंय. ऐकशील?"

दत्तारामनं नजर पाटावरच ठेवली.

"ज्यानं कार्बोरेटर काढला, त्याचा हात फिटरचा आहे. काढलेले नट परत आपापल्या जागी फिरवणं, दट्ट्या फडक्यात गुंडाळणं, नळीला बोळा लावणं. चोर हे करत नाही. आनंदा हे करत नाही. हे तो करतो, ज्याला वस्तू परत बसवायची असते. असे हात दोनच. भिवाचे आणि तुझे."

बाहेर बुधाजींचा खोकला ऐकू आला. बुवांनी आवाज आणखी खाली घेतला.

"पण फिटरच्या त्या हातात अवजार होतं स्वयंपाकघरातलं. सांडशी. नटावर तिचे दात उमटलेत. आता मला सांग, चार हातांवर उत्तम पाने पडलेले असताना कुठला फिटर नटाला सांडशी लावेल? मरेल पण लावणार नाही. भिवानं तर पाना उचलला असता, आपल्याला बरं वाटावं म्हणून पुन्हा कुंकूही लावलं असतं. मग पाना कुणाला उचलवला नाही? ज्याला पूजेतल्या अवजाराला हात लावायची भीती वाटली, त्याला. गिरणीतली तुझी स्वतःची अवजारंही कालपासून पूजेत आहेत. चोरी करतानाही तुला खंडेनवमी मोडवली नाही, दत्ताराम."

दत्तारामनं पाटाच्या मागून एक गाठोडं काढलं. त्यात कार्बोरेटर होता, आणि वाकलेली सांडशी.

"सकाळपासून यासमोर बसलोय," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटलेला. "उघडून पाहिला. वाटी कोरडी आहे, बुवा. आरशासारखी. तिच्यात थोडा डिंक लावला असता तर झालं असतं. टाकीतून निघालेलं जुनं पेट्रोल बाटलीत होतं, बोट बुडवायचं नि पुसायचं. एवढंच. पण हात होईना. शिवाचं शेवटचं काम होतं ते, तोटी बंद करणं. मी त्यावर डाग लावू?"

बुवांनी वाटी उघडून पाहिली. आत निव्वळ धातूची चमक. त्यांनी ती कपाळाला लावली.

मग दत्तारामनं आनंदाकडून कळलेलं सगळं सांगितलं. नाक्यावर पळापळ झाली तेव्हा आनंदा खाली पडला, वरून माणसं धावत होती. शिवा कामावरून परत येत होता. तो गाडी वळवून निघून जाऊ शकला असता. त्यानं तोटी बंद केली, गाडी भिंतीला लावली, गर्दीत शिरला, आनंदाला ओढून ओट्यावर टाकलं. पाय मोडलेला आनंदा ओरडत होता, पुरे, शिवा, पुरे. पण अजून कुणीतरी खाली होतं. शिवा परत वळला. मग तो उठलाच नाही. लोंढ्यानं गाडीही पाडली.

"इस्पितळात मीच आनंदाच्या पाया पडलो. जमावात होता म्हणू नकोस. जमावात होता म्हटलं की गिरणीची खोली जाते, आई रस्त्यावर येते. घराकडे येताना घसरला असं म्हण. त्याला शपथ घातली. 'पळाला' हे मी म्हटलं नव्हतं, बुवा. ते लोकांनी जोडलं. पण मी ते पुसलंही नाही. कारण तोवर त्याची खोली माझ्या नावावर झाली होती आणि मी त्याच्या जागी कामाला लागलो होतो." त्यानं मान वर केली. "आई मला रोज वाढते. रोज म्हणते, दोन घास जास्त घे, तूच उरलायस."

कीर्तनात अशा जागी बुवा झांज वाजवून नामगजर करत आणि प्रसंग पुढे नेत. आज त्यांना पुढे न्यायचं सुचेना. डाव्या हाताला शिवा टाळ घेऊन उभा असायचा, ती जागा आज अडीच वर्षांनी भरल्यासारखी वाटली.

"हे मी सांगणार नाही," ते अखेर म्हणाले. "हे तुला सांगावं लागेल."

६

सुंदराबाईंनी सगळं उंबऱ्यातच ऐकलं. दत्ताराम त्यांच्या पायांवर डोकं ठेवून होता. त्यांनी त्याला उठवलं नाही, आणि ढकललंही नाही.

"खोलीसाठी?" त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर छप्पर रव्हाचा म्हणान?"

"हो, आई."

"ह्या छपराखाली मी अडीच वर्सां मान खाली घालून बसलंय, रे."

मग त्या उठल्या. "आनंदाक बोलवा. माका पोलीस नको, सभा नको. जिथं माका आयकवल्यानी, थंयच सांगूचा. नळार."

दिवस मावळायला पाण्याची वेळ असे. बायका हंडे घेऊन रांगेत होत्या. आनंदा पाय ओढत आला. दत्ताराम त्याच्या शेजारी उभा राहिला. गाण्याचा आवाज असावा तसा बुवांचा आवाज, पण त्या दिवशी ते बोलले नाहीत, बोलले ते हे दोघे. पाणी हंड्यात पडत राहिलं, नळ बंद करायचं सगळ्याच विसरल्या. ज्या बाईनं 'पाठ दाखवून मेला' म्हटलं होतं, ती हंडा खाली ठेवून सुंदराबाईंच्या जवळ आली. सुंदराबाईंनी तिच्या हातावर आपट्याचं एक पान ठेवलं.

"खोली जाईत," कुणीतरी कुजबुजलं.

"जाऊ दे," दत्ताराम म्हणाला. पहिल्यांदाच मोठ्यानं.

भिवा निरोप मिळताच आला होता. बुवा त्याच्यापुढे गेले, उपरणं सावरलं आणि सगळ्यांदेखत वाकून त्याच्या हाती सोनं दिलं.

"सकाळी मला एक श्वास उशीर झाला, भिवा."

भिवानं पान घेतलं, छातीच्या खिशात ठेवलं. "मोजायला लागलात तर मीही किती उशीर केला असेल. चला, तुमची उत्तरपूजा करून टाका, म्हणजे मला पाने मिळतील. सांडशीनं मी काही बसवणार नाही."

बुधाजी पैलवान मागे उभे होते. त्यांना खाकरायचं होतं, पण खाकरवलं नाही. ते नुसते पाटाजवळ जाऊन बसले आणि एकेक पाना कुंकू पुसून भिवाच्या हाती देऊ लागले.

कार्बोरेटर बसला. आनंदानं वाकून टाकीवरून शेवटचा फडका फिरवला. दत्तारामनं किक मारली. पहिल्या तीन वेळा गाडी नुसती सुस्कारली. चौथ्या वेळी ती धडधडली, आणि शेडचे पत्रे थरथरले. झेंडूच्या दोन पाकळ्या हँडलवरून खाली पडल्या. दत्ताराम परळच्या नाक्याकडे निघाला, भावाच्या गाडीवर, अडीच वर्षांनी.

सुंदराबाई मात्र खाली थांबल्या नाहीत. त्या जिना चढून वर गेल्या. बुवा त्यांच्यामागून गेले, आणि दाराबाहेर थांबले. आत त्या शिवाच्या तसबिरीला झेंडूचा हार घालत होत्या. हात उंच पोचत नव्हता. राधानं पाट आणून दिला.

मग रस्त्याच्या टोकाकडून गाडीचा आवाज आला. जवळ आला. पानवाल्याच्या दुकानाशी आला असेल-नसेल, तोच तो अडखळला. एकदा खोकला. थांबून पुन्हा खोकला. आणि विझला. नुसत्या चाकांची कुरकुर चाळीच्या दारापर्यंत आली.

सुंदराबाईंनी हार सरळ केला.

"राधे," त्या म्हणाल्या, "आधण ठेव गो."